मिठातली वस्ती

उन्हाळ्यात वाळवण घालायचं आणि पावसाळ्याची बेगमी करून ठेवायची, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर. कोकमाची सोलं अंगणात. जवळा आणि बोंबील किनाऱ्यावर. कैरीच्या फोडींना मीठ चोळून त्या बरणीत भरायच्या, बांगड्याचं पोट चिरून त्यात जाडं मीठ ठासायचं. या साऱ्यामागे एकच खात्री असते: पदार्थातलं पाणी उन्हानं काढून घेतलं किंवा मिठानं बांधून टाकलं की तो नासत नाही. ही खात्री बहुतांशी खरी आहे. तिच्या जोरावर माणसानं दुष्काळ काढले, लांबचे समुद्रप्रवास केले, सैन्यं पोसली. पण तिला एक हद्द आहे, आणि त्या हद्दीवर ज्यांची वस्ती आहे त्या बुरश्यांविषयी हे पुस्तक आहे.

बुरशी म्हटलं की आपल्याला ओल आठवते. पावसाळ्यात चामडी चपलेवर चढणारा पांढुरका थर, न्हाणीघराच्या कोपऱ्यातले काळे डाग, चार दिवस राहिलेला पाव. दवाखान्यातही घाम, दमट हवा, ओले कपडे यांचीच चौकशी होते. त्यामुळे जागा कोरडी असली की बुरशीचा विचारच मनात येत नाही. धान्याचं गोदाम, सुक्या मासळीचा बाजार, ग्रंथालयाची बंद कपाटं, मिठागरं, वाळवंटी माळ या सगळ्या जागा आपण बुरशीच्या हिशेबातून वगळून टाकल्या आहेत. तसं करणं बरोबर नाही. त्याची किंमत मोजावी लागते ती मुख्यतः तिथे राबणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांना, आणि म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा आहे असं मी मानत नाही.

पुढे जाण्याआधी एक आकडा नीट समजून घ्यावा लागेल. पदार्थात पाणी किती आहे यावरून तो टिकेल की नाही हे ठरत नाही. त्यातलं किती पाणी सजीवाला उचलता येतं यावरून ठरतं. अन्नतंत्रज्ञ या मापाला ‘वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी ते १ धरलं आहे. पाण्यात मीठ किंवा साखर विरघळली की पाण्याचे रेणू तिथे गुंततात आणि आकडा खाली उतरतो. आणखी मीठ विरघळणारच नाही इतकं घातलेल्या पाण्यात तो ०.७५ असतो. बहुतेक जिवाणू ०.९ च्या आसपासच थांबतात. नेहमीच्या ओळखीच्या बुरश्यांपैकी काही आणखी थोडं खाली, ०.८ च्या सुमारापर्यंत तग धरतात. जी बुरशी ०.८५ च्याही खाली वाढू शकते तिला शुष्कताप्रेमी म्हणावं, ही ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ जॉन पिट यांनी १९७५ मध्ये मांडलेली व्याख्या आजही वापरात आहे. या गटातली झीरोमायसिस बायस्पोरस ही बुरशी सुकवलेल्या फळांवर ०.६१ पर्यंत वाढते. अ‍ॅस्परजिलस पेनिसिलिऑइडिस या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू ०.५८५ इतक्या कोरडेपणातही अंकुरतात, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. पेशीचं विभाजन होऊ शकतं अशा नोंदलेल्या सर्वांत कोरड्या स्थितींपैकी ही एक आहे.

हा आकडा समजायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेव्हा आपण तोच आकडा बघत असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा खडा हवेतलं पाणी ओढून ओला होऊ लागतो. मिठाच्या संपृक्त पाण्याचं ०.७५ आणि हवेचे ७५ टक्के ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहून गेलेले असतात, ते याहून बऱ्याच कोरड्या हवेतही पाझरतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. वैशाखात खडखडीत वाळलेला खारा बांगडा उघडा राहिला तर श्रावणापर्यंत तो हळूहळू पाणी घेत जातो. हाताला तो सुकाच लागतो. पण ०.७५ वर ज्यांचं भागतं त्यांच्यापुरतं पाणी त्यात आलेलं असतं.

धान्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मक्यात साडेतेरा टक्के ओल असली तर तो बऱ्यापैकी सुरक्षित मानतात. तेवढीच ओल भुईमुगाच्या दाण्यात असेल तर तो हमखास बुरसतो, कारण दाण्याचा निम्मा भाग तेलाचा असतो आणि तेल पाणी धरून ठेवत नाही. सगळं पाणी उरलेल्या भागात मोकळं राहतं. म्हणून भुईमूग सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळवावा लागतो. नुसता ओलाव्याचा टक्का विचारणाऱ्या खरेदीदारानं आणि साठवणदारानं हा फरक कायम ध्यानात ठेवायला हवा.

आता प्रत्यक्ष बुरश्यांकडे वळू. नॉर्वेत कॉड मासा मिठात मुरवून वाळवण्याचा मोठा जुना व्यापार आहे. तिथल्या व्यापाऱ्यांना एक खोड ठाऊक होती: चांगल्या पांढऱ्या मासळीवर एखाद्या दिवशी मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक तपकिरी ठिपके दिसू लागत. बोटानं पुसले तर जात, आणि काही दिवसांनी परत उमटत. मासा कुजत नसे, त्याला वासही येत नसे, पण भाव पडत असे. १८८७ मध्ये ओलाव योहान-ओल्सेन यांनी या ठिपक्यांतल्या बुरशीचं वर्णन करून तिला वॅलेमिया इक्थिओफागा, म्हणजे मासेखाऊ वॅलेमिया, असं नाव दिलं. पुढे बराच काळ या प्रकारच्या सगळ्याच तपकिरी बुरश्या वॅलेमिया सेबी या एकाच नावाखाली जमा होत गेल्या. २००५ मध्ये स्लोव्हेनियातल्या पोलोना झालार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गाठोडं सोडवलं, त्यातून तीन जाती वेगळ्या काढल्या आणि या कुळाचं बाकीच्या बुरश्यांशी असलेलं नातं इतकं दूरचं निघालं की त्याच्यासाठी स्वतंत्र वर्गच करावा लागला. भूछत्रांच्या मोठ्या विभागात हे कुळ मोडतं, पण छत्री, दांडा असलं काहीच त्याच्यापाशी नाही. आहेत ते फक्त तंतू आणि तपकिरी बीजाणूंच्या छोट्या साखळ्या.

या तिघींपैकी वॅलेमिया इक्थिओफागाचा स्वभाव मला सर्वांत विलक्षण वाटतो. मीठ सोसणाऱ्या बुरश्या पुष्कळ आहेत. हिला मीठ लागतंच. साधारण दहा टक्के मिठाशिवाय ती वाढत नाही, आणि मीठ विरघळायचं थांबेल तिथपर्यंत ती वाढत राहते. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्के असतं हे लक्षात घेतलं म्हणजे तिची गरज कळते. मीठ वाढलं की तिच्या पेशी एकमेकींना चिकटून घट्ट पुंजके करतात आणि पेशींची भित्ती जाड होते. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचं जाळं शोधायला गेलं तर दिसतात फक्त तपकिरी गठ्ठे.

मीठ सोसायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बाहेर मीठ जास्त असेल तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी सुकून आक्रसते. बाहेरच्या मिठाला तोलायला आतही काहीतरी विरघळलेलं असावं लागतं. मीठच आत घेतलं तर पेशीतली प्रथिनं बिघडतात. म्हणून या बुरश्या आत ग्लिसरॉल साठवतात. खोकल्याच्या औषधात आणि हातापायाला लावायच्या क्रीममध्ये जे असतं तेच. ग्लिसरॉल पाणी धरून ठेवतं आणि प्रथिनांना इजा करत नाही. बाहेर मीठ वाढल्याची वर्दी पेशीच्या पडद्यावरचे संवेदक आत पोहोचवतात, काही मिनिटांत संकेतांची साखळी चालू होते आणि ग्लिसरॉलचं उत्पादन वाढतं. शिवाय घुसलेला सोडियम बाहेर फेकणारे पंप पेशीपडद्यात अखंड चालू असतात. त्याला इंधन लागतं, म्हणून या बुरश्यांची वाढ संथ. यांतल्या ‘काळी यीस्ट’ म्हणवणाऱ्या बुरश्यांच्या भित्तीत मेलॅनिनचा थर असतो, आपल्या केसांतल्या आणि कातडीतल्या काळ्या रंगाचा नातेवाईक. त्या थरामुळे आतलं ग्लिसरॉल झिरपून जात नाही.

काळ्या यीस्टचं नाव निघालंच आहे तर हॉर्टिया वर्नेकीची ओळख इथेच करून देतो. अगदी मिठाविना ते संपृक्त मिठापर्यंत कुठेही वाढणारी ही बुरशी मिठाच्या अभ्यासकांची लाडकी आहे. वॅलेमिया आणि ती दोघी एकाच अडचणीतून दोन उलट वाटांनी बाहेर पडल्या. वॅलेमियाचा जनुकसंच फार आटोपशीर, एक कोटी अक्षरांपेक्षाही कमी. हॉर्टियाचा पाच कोटींच्या घरात, आणि त्यात बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती. सोडियम बाहेर काढणाऱ्या पंपांची जनुकंही तिच्यात अनेक आहेत. एकीनं गरजा कमी केल्या, दुसरीनं सामान वाढवलं, आणि दोघीही तगल्या.

मिठागरात भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि ऊन-वाऱ्यानं आटू देतात. पाणी एका वाफ्यातून पुढच्यात जाताना अधिक खारट होत जातं, आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ. शेवटच्या वाफ्यांत पाण्यावर तांबूस छटा येते. ती आणणारे जीव म्हणजे आर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव आणि ड्युनालिएला नावाचं शैवाल. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतही अशाच आर्कियांचं कारण पुढे आलं होतं. या रंगीत जीवांचा अभ्यास इतका झाला की मिठागरात दुसरं काही राहत नाही अशी समजूत रूढ झाली. २००० मध्ये नीना गुंडे-चिमेरमान आणि सहकाऱ्यांनी स्लोव्हेनियातल्या एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या सेचोव्ल्ये मिठागरांतून वर्षभर नमुने घेऊन दाखवलं की काळी यीस्ट तिथे पाहुणी म्हणून येत नाहीत, तिथेच राहतात. त्याआधी, १९९८ मध्ये, मृत समुद्रातून जिम्नॅसेला मॅरिसमॉर्टुई ही नवी बुरशी वर्णिली गेली होती. ज्या पाण्यात कोणी जगत नाही म्हणून त्या समुद्राला ते नाव पडलं, त्याच पाण्यातून.

यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे आणि तो मराठी वाचकाला माहीत असायला हवा. गोवा विद्यापीठातल्या सरिता नाझारेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडवीच्या खाडीतून, तिथल्या खारफुटीतून आणि मिठागरांतून मीठप्रेमी बुरश्या वेगळ्या केल्या. २०१२ ते २०१४ या काळात त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. अ‍ॅस्परजिलस पेनिसिलिऑइडिसचे त्यांना मिळालेले वाण मिठावाचून वाढेनात. म्हणजे जिला तोवर शुष्कताप्रेमी समजत होते ती बुरशी इथे खरीखुरी मीठप्रेमी निघाली. मृत समुद्राच्या नमुन्यांतही त्यांना अशा अ‍ॅस्परजिलस सापडल्या. पणजीहून रायबंदरकडे जाताना रस्त्याच्या कडेला दिसणारी मिठागरं सूक्ष्मजीवशास्त्राच्या नकाशावर आहेत ती या कामामुळे. उरण, पेण, शिरोडा इथल्या आगरांचा असा बारकाईनं अभ्यास व्हायला हवा. तोही लवकर, कारण मिठागरं बुजत चालली आहेत, मुंबईत तर त्यांच्या जमिनींवर घरं बांधायच्या योजना आहेत. पुण्याच्या आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. वाफे बुजण्याआधी तिथल्या बुरश्या त्या संग्रहात पोहोचाव्यात, एवढं तरी आपण करावं.

आता प्रकृतीचा प्रश्न. या बुरश्यांची नावं ऐकून कोणी मिठाची बरणी किंवा खारी मासळी टाकून देऊ नये. निरोगी माणसाच्या शरीरात शिरून रोग करणं यांपैकी बहुतेकींना जमत नाही. कारण साधं आहे. आपल्या शरीराचं ३७ अंश तापमान त्यांना मानवत नाही. पंचवीस-तीस अंश हे त्यांचं सुख. धोका आहे तो वेगळ्या वाटांनी येणारा, आणि त्या वाटा एकेक करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली वाट कातडीची. तळहातावर किंवा तळपायावर तपकिरी-काळसर चट्टा येतो. दुखत नाही, खाजत नाही, सालपटं जवळजवळ निघत नाहीत, महिनोन्‌महिने तो हळूहळू पसरतो. याला टिनिया नायग्रा म्हणतात आणि तो हॉर्टिया वर्नेकीमुळे होतो. ब्राझीलमधल्या बहियात अलेशांद्रे सर्केरा यांनी १८९१ मध्ये तो ओळखला. उष्ण, समुद्रकाठच्या प्रदेशांत तो दिसतो, भारतातही त्याचे रुग्ण नोंदलेले आहेत. बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातच राहते, खाली जात नाही. तळहाताच्या घामातलं मीठ तिला मानवत असावं असा अभ्यासकांचा कयास आहे. हा आजार निरुपद्रवीच म्हणायचा. पण तो दिसायला थेट मेलॅनोमासारखा, म्हणजे कातडीच्या एका घातक कर्करोगासारखा असतो. त्यामुळे कुठे घाबरून तळहाताचा तुकडा कापून तपासायला पाठवला जातो, कुठे शस्त्रक्रियाही होते. खरं तर चट्ट्यावर बोथट पात्यानं हलकेच खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तो भुगा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तपकिरी गाठीदार तंतू लगेच दिसतात. पाच-दहा मिनिटांचं काम. वर लावायच्या मलमानं काही आठवड्यांत चट्टा जातो. किनारपट्टीवरच्या प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञानं काळ्या चट्ट्यावर सुरी चालवण्याआधी हा थेंब पाहावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

त्वचेच्याही खाली वॅलेमिया गेल्याची एक विरळ नोंद आहे, आणि ती भारतातलीच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रुग्णाची प्रतिकारशक्ती ठीक होती, तरी वॅलेमिया सेबीमुळे त्वचेखाली संसर्ग झाला होता. असं क्वचित घडतं.

दुसरी वाट श्वासाची, आणि ती सर्वांत मोठी. फ्रान्सच्या पूर्वेला फ्रांश-कोंते हा दुभत्या जनावरांचा डोंगराळ प्रदेश आहे. हिवाळ्यात गुरांना घालायला तिथे गवत साठवतात. नीट न वाळलेल्या गंजीत आधी एक, मग दुसरी अशा बुरश्या चढत जातात, आणि गंजी फोडताना बीजाणूंचा ढग उठतो. गवत घालून शेतकरी घरी येतो, जेवतो, आणि चार ते आठ तासांनी त्याला थंडी वाजून ताप भरतो, कोरडा खोकला, धाप. दोन दिवसांत उतरतो. पुन्हा गवत घातलं की पुन्हा तेच. याला ‘फार्मर्स लंग’ म्हणतात. हा संसर्ग नाही. बीजाणूंविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देतं तिनंच फुप्फुसाला सूज येते. इंग्लंडात त्याचं खापर प्रामुख्यानं उष्णताप्रेमी जिवाणूंवर फुटलं होतं, पण फ्रांश-कोंतेतल्या रुग्णांच्या रक्तात वॅलेमिया सेबी आणि तिच्या जोडीच्या कोरड्या बुरश्यांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर फुप्फुसं कडक होत जातात, आणि ते नुकसान भरून येत नाही.

आपल्याकडे गंजी नसेल, पण कडबा आहे, पेंढा आहे, भुसा आहे, कुट्टी आहे. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा असलेला मजूर, दाणाबंदरात पोती उचलणारे माथाडी, सुकी मासळी चाळणाऱ्या कोळिणी, ग्रंथालयात जुनी दप्तरं झटकणारा शिपाई यांच्या नाकातोंडात जाणारी धूळ निव्वळ माती नसते. त्यांना खोकला झाला तर आपल्या देशात आधी क्षयाचा संशय घेतला जातो, आणि तो घ्यायलाच हवा. पण थुंकी स्वच्छ निघाली, छातीच्या फोटोत डाग दिसले, आणि औषधांनी फरक पडेना, तर पुढचा प्रश्न कामाविषयीचा असायला हवा. तो सहसा विचारलाच जात नाही.

घरातल्या धुळीतही हीच मंडळी आहेत. अ‍ॅस्परजिलस पेनिसिलिऑइडिस गाद्या, पडदे, गालिचे यांतल्या कातडीच्या कोंड्यावर वाढते आणि धुळीतल्या माइट त्या कोंड्यावर जगतात. दमा आणि नाकाच्या अ‍ॅलर्जीत माइटचा हात मोठा आहे. जपानात दमेकऱ्यांच्या घरातल्या धुळीत वॅलेमिया आढळल्याच्या नोंदी आहेत. हीच अ‍ॅस्परजिलस कॅमेऱ्याच्या भिंगावर जाळी करते आणि जुन्या पुस्तकांच्या पानांवर तपकिरी डाग पाडते. व्हेनिसमधल्या ग्रंथालयांत एकमेकांना चिकटवता येणाऱ्या सरकत्या कपाटांत अ‍ॅस्परजिलस हॅलोफिलिकस ही मीठप्रेमी बुरशी पुस्तकांच्या कण्यांवर पांढऱ्या ठिपक्यांत वाढलेली आढळली. दालनातली हवा मोजली तर कोरडी होती, पण दाटीवाटीच्या कपाटांत हवा खेळत नव्हती.

तिसरी वाट अन्नाची. इथली मुख्य गुन्हेगार अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती अतिकोरड्या गटातली नाही, पण ०.८ च्या आसपास वाढते आणि अफलाटॉक्सिन हे यकृतावर घाला घालणारं विष करते. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात मका काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. भिजलेली कणसं नीट न वाळता घरात आली आणि आदिवासी कुटुंबांनी तीच खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतं. कावीळ आणि पोटात पाणी होऊन ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. आपल्या शेजारचीच ही घटना आहे. ओलसर आणि कोरडं यांच्या मधली दोन-चार टक्क्यांची फट काय करू शकते हे मला याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

चौथी वाट मातीच्या धुळीची. तिथली बुरशी आपल्या भूमीवरची नाही, पण मराठी माणसं तिच्या भूमीवर राहतात, म्हणून तिला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. कॉक्सिडिऑइडिस. कॅलिफोर्नियाचं सॅन वाकीन खोरं, अ‍ॅरिझोनातले फीनिक्स आणि ट्युसॉन, मेक्सिकोचा उत्तर भाग, अर्जेंटिनाचे कोरडे माळ ही तिची घरं. पहिला रुग्ण अलेहांद्रो पोसादास यांनी १८९२ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये वर्णिला. क्षारयुक्त, अल्कधर्मी, वाळूमिश्रित जमिनीत ती राहते, उंदीर-खारींच्या बिळांपाशी विशेष. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर इतका तापतो की बाकीचे सूक्ष्मजीव मरतात. क्षार आणि उष्णता सोसणारी ही बुरशी उरते. पावसानंतर ती फोफावते, पुन्हा जमीन सुकते, तंतू तुटून बीजाणू होतात, आणि वारा ते उचलतो. छातीत गेलेला असा बीजाणू फुगून मोठी गोल पिशवी होतो, तिच्यात शेकडो पिल्लं तयार होतात आणि ती फुटते.

संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना काहीच जाणवत नाही. बाकीच्यांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, छातीत दुखणं, सांधेदुखी, कमालीचा थकवा. शंभरात एखाद्याला ती हाडांत, कातडीत किंवा मेंदूच्या आवरणात पसरते आणि मग उपचार आयुष्यभर चालू शकतात. १९७७ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या केर्न काउंटीत आलेल्या प्रचंड वादळानं माती शेकडो किलोमीटर उत्तरेला उडवली आणि जिथे हा आजार सहसा दिसत नसे त्या सॅक्रामेंटोत रुग्ण वाढले. १९९४ च्या जानेवारीत नॉर्थरिजच्या भूकंपात डोंगर ढासळून उठलेल्या धुळीनं व्हेंचुरा काउंटीत २०३ जणांना गाठलं, तिघे गेले. दुसऱ्या महायुद्धात या भागातल्या लष्करी विमानतळांवर चार्ल्स स्मिथ यांनी सैनिकांना वाचवण्यासाठी जे केलं ते अगदी साधं होतं: गवत लावा, रस्ते पक्के करा, धूळ बसवा. संसर्ग लक्षणीय घटला.

फीनिक्समध्ये किंवा फ्रेस्नोकडे मुलांकडे राहून आलेले आईवडील परत आल्यावर महिनाभर खोकत असतील, तर पुण्यातल्या डॉक्टरांना या बुरशीची आठवण व्हायला हवी. भारतात नोंदलेले तिचे बहुतेक रुग्ण बाहेरूनच संसर्ग घेऊन आलेले आहेत. छातीच्या फोटोत तिचे डाग क्षयाच्या डागांसारखे दिसू शकतात. प्रवासाचा प्रश्न एका वाक्यात विचारून होतो.

शेवटी प्रयोगशाळांविषयी, कारण माझ्या मते या विषयात सर्वांत मोठी उणीव तिथे आहे. बुरशी वाढवायला नेहमी जे माध्यम वापरतात त्यात भरपूर पाणी असतं. शुष्कताप्रेमी बुरशीला ते सोसत नाही, किंवा ती इतकी हळू वाढते की तोवर बाकीच्या घाईच्या बुरश्यांनी बशी व्यापलेली असते. अहवालात मग ‘बुरशी आढळली नाही’ असं येतं, आणि गोदाम, कपाट, घर स्वच्छ ठरतं. १९८० मध्ये आइल्सा हॉकिंग आणि जॉन पिट यांनी १८ टक्के ग्लिसरॉल घातलेलं माध्यम तयार केलं, ते आज अन्नतपासणीत जगभर मान्य आहे. ते महाग नाही, करायला अवघड नाही. फक्त मागावं लागतं, आणि बशी आठवड्याऐवजी दोन-तीन आठवडे ठेवावी लागते. धान्य गोदामं, ग्रंथालयं आणि श्वसनरोगाचे दवाखाने जिथे नमुने पाठवतात तिथल्या प्रत्येक प्रयोगशाळेत हे माध्यम असलं पाहिजे.

पुढच्या प्रकरणांत जागा, जीव आणि आजार हे तिन्ही विस्तारानं येतील. शेतकरी वाचकानं साठवणुकीचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल, डॉक्टरांनी श्वासाचं. कुट्टी करताना, पोती उचलताना, मासळी चाळताना, जुने कागद झटकताना नाकावर नुसता रुमाल पुरत नाही. एन-९५ मुखपट्टी घाला, आणि ती मालकाकडून मागून घ्या. कामानंतर काही तासांनी ताप येऊन दोन दिवसांत उतरत असेल आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना तापाबरोबर कामही सांगा. आणि डॉक्टरांना विनंती, कोणी सांगितलं नाही तरी विचारा.